प्राग: चढ ट्रामने, उतार पायी

युरोपच्या गटसहलींत प्रागच्या वाट्याला सहसा एक रात्र आणि एक दुपार येते. व्हिएन्नाहून बस येते, पूल, घड्याळ आणि चौक दाखवते आणि माणसांना जेवायला घेऊन जाते. त्या दुपारी जे प्राग दिसतं ते म्हणजे मुख्यतः इतर गटसहली. यात शहराचा दोष नाही. बघण्यासारखं बरंचसं दोन-तीन किलोमीटरच्या टापूत आहे आणि सकाळी दहा ते संध्याकाळी पाच सगळे पर्यटक त्याच टापूत असतात. त्यामुळे इथे काय बघायचं याची यादी नंतर केली तरी चालते. किती वाजता बघायचं आणि किल्ल्याच्या टेकडीवर कसं चढायचं, हे दोन प्रश्न आधी सोडवायचे. सोबत साठी ओलांडलेले आईवडील असतील तर चढाचा प्रश्न सगळ्यात आधी.

महिना आणि मुक्काम

चार रात्री धरा, म्हणजे तीन पूर्ण दिवस हाती लागतात. एप्रिलचा शेवट ते मे आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य हा उत्तम काळ. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो हा मोठा फायदा, पण जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी शिगेला पोचते आणि कधीकधी कडक उन्हाळा असतो. जुन्या इमारतींतल्या खोल्यांना एसी असेलच असं नाही, त्यामुळे बुकिंग करताना तपासा. डिसेंबरात नाताळचे बाजार सुंदर सजतात, मात्र चारच्या सुमारास अंधार पडतो. जानेवारी-फेब्रुवारीत हॉटेलं स्वस्त मिळतात, पण दगडी रस्त्यांवर बर्फ साचून निसरडं होतं. वयस्कर मंडळींना घेऊन तेव्हा जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

राष्ट्रीय सुट्ट्यांकडेही लक्ष ठेवा. 1 जानेवारी, ईस्टरचा सोमवार, 8 मे, 28 सप्टेंबर, 28 ऑक्टोबर, 25 आणि 26 डिसेंबर या दिवशी मोठी दुकानं कायद्याने बंद असतात. किराणा आदल्या दिवशी घेऊन ठेवा.

राहायला जुन्या गावाच्या चौकाजवळ खोली घ्यायचा मोह होईल. तो टाळा. तिथे दर जास्त, रात्री गोंगाट आणि बॅग दगडांवरून ओढत न्यायची. व्हिनोह्राडी, कार्लीन, स्मीखोव्ह या भागांतून ट्रामने किंवा मेट्रोने दहा-पंधरा मिनिटांत मध्यवर्ती भागात पोचता येतं आणि रात्री झोपही लागते. फक्त लिफ्ट आहे का हे विचारून घ्या. शंभर वर्षं जुन्या चार मजली घरात लिफ्ट नसणं इथे नवलाचं नाही. स्वयंपाकघर असलेला अपार्टमेंट मिळाला तर रात्रीचा खिचडीचा प्रश्नही मिटतो.

व्हिसा

चेक प्रजासत्ताक शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. एका सहलीत प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट करणार असाल तर ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात आधी प्रवेश करणार त्याच्याकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण उन्हाळ्याच्या सुट्टीच्या सुमारास भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून अडीच-तीन महिने हाताशी ठेवा. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी 45. व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. प्रवासविमा किमान 30,000 युरोचा हवा.

ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी संगणकीय पद्धत सुरू झाली आहे. तुमचं विमान फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे असेल तर ही तपासणी तिथेच होते. जोडविमानात दीड तासाचंच अंतर ठेवलंत तर सगळं लक्ष घड्याळाकडे लागेल. दुबई किंवा दोहामार्गे गेलात तर हे सोपस्कार प्रागला उतरल्यावर होतात, तेव्हा घाई नसते.

बॅगेत काय

बूट हा पहिला मुद्दा. प्रागचे फुटपाथ छोट्या चौकोनी दगडांचे आहेत, नक्षीदार आणि पावसात गुळगुळीत. जाड तळव्याचे, आधी पंधरा दिवस घरी वापरून पायात बसलेले बूट न्या. साडीखालच्या चपला आणि नवेकोरे शूज या शहराला चालत नाहीत. आपल्याकडे जो ब्रँड अस्सल देशी समजून पिढ्यान्‌पिढ्या शाळेचे बूट घेतले, तो बाटा मुळात याच देशातला. 1894 मध्ये झ्लीन गावात त्याची सुरुवात झाली, आणि प्रागच्या व्हेन्सेस्लास चौकात त्यांची 1929 सालची काचेची इमारत आजही उठून दिसते.

खाऊचं सांगायचं तर युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. पेढे, बर्फी, तुपाची बरणी घरीच राहू द्या. ताजी फळं आणि भाज्यांनाही बहुतेक बाबतीत वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, त्यामुळे तिकडच्या भाच्यासाठी हापूसची पेटी नेण्याचा बेत रद्द. भाजणी, मेतकूट, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, कोरडे पोहे यांनी काम भागतं. प्लग दोन गोल पिनांचा असतो. मोबाइलचा बारीक दोन पिनांचा चार्जर तसाच बसतो, तीन पिनांसाठी मात्र अडॅप्टर लागेल.

विमानतळ ते मुक्काम

बाहेर पडल्यावर टॅक्सीसाठी धावण्याची गरज नाही. 59 क्रमांकाची ट्रॉलीबस नाद्राझी व्हेलेस्लाव्हीन या मेट्रो स्थानकापर्यंत जाते. तिथून ए मार्गाची, म्हणजे हिरवी मेट्रो थेट मध्यवर्ती भागात. स्मीखोव्हच्या बाजूला राहणार असाल तर 100 क्रमांकाची बस झ्लिचीनला सोडते आणि तिथून पिवळी बी मेट्रो. सामान खूप आणि माणसं चार असतील तर ॲपवरून बोल्ट किंवा उबर बोलवा. भाडं आधीच दिसतं, वाद राहत नाही.

तिकिटाची पद्धत आपल्याकडच्यासारखी अंतरावर नाही, वेळेवर आहे. तीस मिनिटं, नव्वद मिनिटं, चोवीस तास, बहात्तर तास असे प्रकार आहेत. त्या वेळात ट्राम, मेट्रो, बस हवी तितकी बदला. तीन दिवसांच्या मुक्कामाला बहात्तर तासांचं तिकीट सगळ्यात सुटसुटीत. त्याची मुदत शिक्का मारल्यापासून मोजतात, तारखेवरून नाही. दुपारी चारला शिक्का मारलात तर चौथ्या दिवशी दुपारी चारपर्यंत चालतं.

हा शिक्का विसरू नका. कागदी तिकीट मेट्रोच्या तोंडाशी किंवा ट्राममध्ये असलेल्या पिवळ्या यंत्रात एकदाच घालायचं. मेट्रोला फाटक नाही, कोणी अडवत नाही, म्हणून नवखा माणूस कोरं तिकीट खिशात घेऊन थेट फलाटावर उतरतो. तपासनीस साध्या कपड्यात असतात, बिल्ला दाखवतात, आणि शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. ॲपवरून काढलेलं तिकीटही सुरू केल्यावर ते लागू होईपर्यंत थोडा वेळ जातो, तोवर गाडीत चढायचं नाही.

सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईत असलेल्यांना मोकळी. हे जिने आपल्या मॉलमधल्यापेक्षा बरेच वेगाने पळतात, तेव्हा आजींचा हात धरा. आणि रस्ता ओलांडताना एक पक्कं लक्षात ठेवा: झेब्रा क्रॉसिंगवरही ट्रामला पादचाऱ्याच्या आधी जायचा हक्क आहे. मोटार तुमच्यासाठी थांबेल, ट्राम थांबणार नाही.

मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. त्यानंतर नव्वदीच्या क्रमांकांच्या रात्रीच्या ट्राम धावतात आणि त्या सगळ्या लाझार्स्का या थांब्यावर एकमेकींना भेटतात. हे नाव लिहून ठेवा. रात्री चुकलात तर तिथे पोचलं की पुढचा मार्ग सापडतो.

पैसे

इथलं चलन कोरुना, युरो नव्हे. काही दुकानं युरो घेतात, पण भाव त्यांच्या मर्जीचा. प्रागमध्ये पर्यटकाला सर्वात जास्त फटका बसतो तो इथेच.

जवळपास सगळीकडे कार्ड चालतं. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये परदेशातले व्यवहार निघण्यापूर्वी चालू करून ठेवा. फॉरेक्स कार्डावर सहसा युरो भरता येतात, कोरुना नाही. मग प्रत्येक खरेदीला युरोचे कोरुना करताना वेगळा आकार लागतो. परकीय चलनावर अधिभार नसलेलं कार्ड मिळालं तर ते इथे जास्त परवडतं. यंत्र 'रुपयांत कापू की कोरुनांत' असं विचारेल, तेव्हा नेहमी कोरुना निवडा. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो म्हणून तो निवडला की वाईट दराने पैसे जातात.

रोख थोडीच लागते, मुख्यतः स्वच्छतागृहासाठी आणि किरकोळ खरेदीसाठी. ती चेस्का स्पोर्झितेल्ना, कोमेर्चनी बांका यांसारख्या बँकांच्या शाखेबाहेरच्या एटीएममधून काढा. पर्यटकी गल्लीत, स्मरणवस्तूंच्या दुकानाला खेटून उभं असलेलं एटीएम टाळा. पाच हजारांची नोट आली तर मोठ्या दुकानात मोडून घ्या, टपरीवाला तिच्याकडे बघून मान हलवेल.

चलन बदलायचंच असेल तर 'कमिशन शून्य' या पाटीवर जाऊ नका. कमिशन शून्य असतं आणि तोटा दरातच लपवलेला असतो. 'शंभर युरो दिले तर हातात नक्की किती कोरुना येतील' एवढं विचारा आणि उत्तर आवडलं नाही तर निघा. फसल्याचं लगेच लक्षात आलं तरी उपाय आहे. 2019 पासूनच्या कायद्यानुसार 1000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. ती पावती म्हणून जपा. रस्त्यात गाठून चांगला भाव देणारा भला माणूस मात्र कायद्याच्या टप्प्यात येत नाही. तो दुसऱ्याच देशाच्या किंवा रद्द झालेल्या नोटा हातात ठेवून गर्दीत नाहीसा होतो.

किल्ल्याचा दिवस

बहुतेक लोक चार्ल्स पूल ओलांडतात आणि तिथून नेरुदोव्हा रस्त्याचा खडा चढ चढून किल्ल्यावर पोचतात. वर जाईपर्यंत निम्मी ताकद संपलेली असते. याच्या बरोबर उलट करा.

सकाळी साडेसातच्या आसपास 22 क्रमांकाची ट्राम पकडा. राष्ट्रीय रंगभूमीजवळ किंवा मलोस्त्रान्स्का स्थानकाबाहेर ती मिळते. 'प्राझ्स्की ह्राद' हा किल्ल्याचा थांबा आला की अर्धी ट्राम रिकामी होईल, पण तुम्ही बसून राहा आणि पुढे पोहोर्झेलेत्सला उतरा. इथे तुम्ही किल्ल्यापेक्षाही उंचावर असता. पुढचा सगळा दिवस उताराचा.

उतरल्यावर आधी स्ट्राहोव्ह मठाच्या आवारात जा. 1143 साली स्थापन झालेल्या या मठामागच्या कठड्यावरून लाल कौलांचं सगळं शहर खाली पसरलेलं दिसतं. तिथून रमतगमत ह्रादचानी चौकात आणि किल्ल्याच्या दाराशी नऊच्या आत पोचा. दारात कधीकधी बॅगा तपासतात, मोठी सॅक आणू नका. आवारात फिरायला तिकीट नाही. आतल्या वास्तूंसाठी आहे, आणि ते दोन दिवस चालतं हे फार कमी लोकांना माहीत असतं. थकलात तर राजवाडा उद्यावर ढकला.

नऊला दारं उघडताच पहिल्यांदा सेंट व्हिटस कॅथेड्रलमध्ये शिरा, कारण दहानंतर तिथे रांग लागते. रविवारी सकाळी प्रार्थना असल्याने पर्यटकांना दुपारी बारानंतरच प्रवेश मिळतो, म्हणून किल्ल्यासाठी रविवार नको. 1344 मध्ये सुरू झालेलं हे बांधकाम 1929 मध्ये पुरं झालं. डावीकडची चेक चित्रकार अल्फोन्स मुखाची रंगीत काच विसाव्या शतकातली आहे, आणि सकाळच्या उजेडात तिच्यापुढे पाच मिनिटं नुसतं उभं राहावं. उजवीकडे सेंट व्हेन्सेस्लासचं दालन आहे. बोहेमियाच्या, म्हणजे इथल्या जुन्या राज्याच्या राजमुकुटाच्या खोलीकडे जाणारं दार याच दालनात, त्याला सात कुलुपं आणि किल्ल्या सात वेगवेगळ्या पदाधिकाऱ्यांकडे. दक्षिण मनोऱ्याला 287 पायऱ्या आहेत. गुडघ्यांची काळजी असेल तर सरळ सोडून द्या, स्ट्राहोव्हचा देखावा पुरेसा आहे.

जुन्या राजवाड्यात एक साधीशी खिडकी दाखवतात. 23 मे 1618 रोजी चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाचे दोन कारभारी आणि त्यांचा चिटणीस यांना इथून बाहेर फेकलं. तिघेही वाचले, पण त्यातून पेटलेलं युद्ध युरोपात तीस वर्षं चाललं. ती खिडकी लक्षात ठेवा, उद्या चौकात तिचा पुढचा भाग भेटेल.

सोनेरी गल्लीतली बुटकी रंगीत घरं दुपारी माणसांनी गच्च भरलेली असतात. 22 क्रमांकाच्या निळ्या घरात फ्रान्झ काफ्का काही काळ लिहायला बसत असे. तिकिटाची वेळ संपल्यावर गल्लीत फुकट फिरता येतं, घरं बंद असली तरी. तिकिटाची वेळ एप्रिल ते ऑक्टोबर पाचपर्यंत, हिवाळ्यात चारपर्यंत.

गल्लीच्या पुढे पूर्वेचं दार. तिथून जुन्या जिन्याने खाली उतरलं की थेट मलोस्त्रान्स्का मेट्रो. जिना रुंद आणि सावकाश आहे, पण उतारही गुडघ्यांना नको असेल तर मागे फिरून 'प्राझ्स्की ह्राद' थांब्यावरून पुन्हा 22 पकडा.

याच 22 ट्राममध्ये पाकीटमारांचाही राबता असतो. सॅक पोटावर घ्या आणि फोन मागच्या खिशात ठेवू नका.

पूल, चौक आणि योसेफोव्ह

चार्ल्स पुलाची पायाभरणी 1357 सालची. त्यावर तीस शिल्पं आहेत, बहुतेक आता प्रतिकृती. हा पूल सकाळी सातच्या आत बघायचा, नाहीतर रात्री दहानंतर. मधल्या वेळात पूल दिसतच नाही, फक्त डोकी आणि सेल्फीच्या काठ्या दिसतात. पहाटे उठायचा कंटाळा असेल तर पलीकडच्या तीरावर लेत्ना टेकडीच्या बागेतून व्हल्तावा नदीवरचे पूल एकापुढे एक दिसतात. माझ्या मते तो देखावा पुलावर उभं राहण्यापेक्षाही सरस आहे.

जुन्या गावच्या चौकातलं खगोलीय घड्याळ 1410 चं. सकाळी नऊ ते रात्री अकरा दर तासाला वरच्या खिडक्यांतून प्रेषितांच्या बाहुल्या फिरतात. वीस मिनिटं थांबून बघायचं ते मिनिटभरात आटोपतं, आणि 'एवढंच?' हा उद्गार सगळ्या भाषांत ऐकू येतो. वर माना केलेल्या गर्दीत खिसे मारणं सोपं, हेही आलंच. त्यापेक्षा तास उलटून गेल्यावर जा आणि तबकडी नीट वाचा. आतली सरकलेली कडी राशींची आहे आणि सोनेरी सूर्य कोणत्या राशीत आहे ते तिथे कळतं. आपल्या पंचांगाशी ताडून बघितलंत तर फरक पडेल, कारण ही गणना सायन, म्हणजे वसंत संपातापासून मोजलेली आहे. आपल्याकडे सूर्य मेषेत जातो तो एप्रिलच्या मध्यात, इथे मार्चच्या वीस-एकवीस तारखेलाच. मनोऱ्यावर जायला लिफ्ट आहे, आणि वरून चौक बघण्यासाठी तिकीट काढणं रास्त आहे.

त्याच इमारतीच्या पायथ्याशी जमिनीत सत्तावीस पांढरे क्रूस जडवले आहेत. कालच्या खिडकीपासून सुरू झालेल्या बंडाच्या सत्तावीस पुढाऱ्यांना 21 जून 1621 रोजी इथे मारलं गेलं. लोक त्या क्रूसांवर उभे राहून घड्याळाचे फोटो काढतात.

चौकापासून पाच मिनिटांवर योसेफोव्ह, जुनी ज्यू वस्ती. ज्यू संग्रहालय शनिवारी आणि ज्यू सणांना बंद असतं. पिंकास सिनेगॉग या ज्यू प्रार्थनास्थळाच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोरावियातल्या जवळपास 80,000 ज्यूंची नावं ओळीने लिहिली आहेत. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. सोबत लहान मुलं असतील तर त्यांना काय दाखवतोय हे आधी सांगून न्या. शेजारच्या स्मशानात जागा पुरेना म्हणून एकावर एक थर देत दफनं होत गेली, आणि त्यामुळे शिळा एकमेकींवर रेलल्यात. पुरुषांनी डोकं झाकायचं असतं. या भागाला किमान दोन तास द्या, आणि त्याच दिवशी त्यानंतर काही मोठं ठेवू नका.

जेवण

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण 'बेझ मासा', म्हणजे मांस नको, एवढं म्हणून भागतही नाही. बटाट्याच्या सूपमध्ये मांसाचं पाणी किंवा डुकराच्या चरबीचे तुकडे असू शकतात, म्हणून तेही स्वतंत्र विचारा. खात्रीचे पदार्थ म्हणजे स्माझेनी सीर, जाड चीजचा तळलेला तुकडा, आणि फळं भरलेले गोड क्नेडलिकी, म्हणजे उकडलेले पिठाचे गोळे. चीजच्या आवरणात आणि सोबतच्या सॉसमध्ये अंडं असतं, हे अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. घरच्यासारखं हवं असेल तर धाबा बियास या वजनावर पैसे घेणाऱ्या शाकाहारी बुफेच्या शहरात शाखा आहेत.

दुपारी अकरा ते दोन कामकऱ्यांसाठी बऱ्याच खानावळींत 'पोलेदनी मेन्यू' असतो: ठरलेले चार पदार्थ, ताजे आणि रात्रीच्या निम्म्या भावात. मुख्य जेवण तेव्हाच घ्या. चौकातल्या गाड्यांवर भाजलेल्या हॅमचा भाव शंभर ग्रॅमचा लिहिलेला असतो आणि विक्रेता सढळ हाताने तीनशे-चारशे ग्रॅम कापतो. किती ग्रॅम हवं ते आधी सांगा. आईस्क्रीम भरलेला त्र्देल्निक, म्हणजे भाजलेल्या पिठाची गोड पोकळ गुंडाळी, मुलांना हवासा वाटेल, जरूर घ्या, फक्त तो प्रागचा प्राचीन पदार्थ असल्याचं पाटीवर लिहिलंय त्यावर विश्वास ठेवू नका. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या. बिल बरोबर असेल आणि सेवा आवडली तर दहा टक्क्यांच्या आसपास वर ठेवतात.

तिसरा दिवस

थकलेल्यांसाठी व्हिशेहराद. लाल सी मेट्रोच्या त्याच नावाच्या स्थानकावरून जवळपास सपाट रस्त्याने तटबंदीवर पोचता येतं. प्रवेश फुकट, गर्दी कमी, खाली नदी. इथल्या स्मशानात द्वोर्झाक आणि स्मेताना हे संगीतकार आणि परवाच्या काचेचा मुखा आहेत.

पायात बळ असेल तर कुत्ना होरा. रेल्वेने तासाभराचं अंतर. मुख्य स्थानकापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर सेदलेत्सचं हाडांनी सजवलेलं चॅपल आहे, तिथे फोटो काढायला बंदी आहे. चांदीच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या या गावाने बांधलेलं सेंट बार्बरा चर्च गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिथे बसने जा. चेस्की क्रुमलोव्ह मात्र एका दिवसात उरकू नका. जाऊन-येऊन सहा तास बसमध्ये जातात, त्याला एक रात्र द्या.

अडचण आली तर

112 हा सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक, तिथे इंग्रजी चालतं. पोलीस 158, रुग्णवाहिका 155. पोलिसांनी मागितल्यास पासपोर्ट दाखवावा लागतो, म्हणून तो आतल्या खिशात ठेवा आणि त्याची प्रत खोलीवर. साध्या कपड्यातला कोणी पोलीस असल्याचं सांगून पाकीट तपासायला मागत असेल तर ते हातात देऊ नका, 158 लावतो म्हणा. पुष्कळदा तो तेवढ्यावरच निघून जातो.

पुढे व्हिएन्नाला रेल्वेने जाणार असाल तर सुमारे चार तास, ड्रेस्डेनला अडीच. तिकीट आठवडे आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. ह्लाव्हनी नाद्राझी या मुख्य स्थानकावर फलाटाचा क्रमांक गाडी सुटण्याच्या थोडाच वेळ आधी फलकावर झळकतो, आणि मग सगळी गर्दी एकदम त्या दिशेने निघते. फलकावर गंतव्याचं नाव शोधत बसण्यापेक्षा तिकिटावरचा गाडी क्रमांक पाठ ठेवा, कारण फलकावर तुमच्या गावाऐवजी गाडी जिथे संपते त्या शहराचं नाव असतं.